रायलीच्या दोन टोप्या

शेखरराव मोहरीलांचा उजवा हात रिकामा असला की थरथरायचा आणि कामाला लावला की शहाण्यासारखा वागायचा. मांडीवर पेपर घेऊन बसले की पानं अशी फडफडत की आतून त्यांच्या पत्नी अनुपमाबाई म्हणत, "पंखा कमी करा." तोच हात पेचकस उचलायचा तेव्हा मात्र निमूट असायचा. डॉक्टरांनी दुखण्याचं नाव कंपवात सांगितलं आणि त्याची चालही सांगितली. आज हात रिकामा असताना हलतो, पुढे कामातही हलेल. कधी, ते सांगता येत नाही. "आवडीचं काम असेल तर ते सोडू नका," डॉक्टर म्हणाले, "हात चालता ठेवाल तोवर तो तुमचा." शेखररावांनी घरी येऊन गोळ्या तेवढ्या दाखवल्या, हे वाक्य सांगितलं नाही. सांगितलं असतं तर अनुपमाबाईंनी त्याचं पथ्य करून टाकलं असतं, सकाळी इतका वेळ काम, संध्याकाळी इतका वेळ काम, आणि कामातली सगळी मजा गेली असती. मोहरीलांच्या घरात न सांगण्याचा रोग तसा जुनाच. कंपवात नंतर आला.

आवडीचं काम म्हणजे रायली. शेखररावांचे वडील बापूसाहेब अमरावतीचे नावाजलेले वकील. अकोल्याच्या एका कापूस कंपनीचा इंग्रज मॅनेजर कायमचा मायदेशी निघाला, तेव्हा त्याच्याकडून त्यांनी ही बदामी रंगाची विलायती गाडी घेतली. तिचं इंजिन अ‍ॅम्बेसेडरच्याच घराण्यातलं, त्यामुळे बाकीच्या सुट्या भागांची अडचण कधी पडली नाही. पण अ‍ॅम्बेसेडर एका कार्बोरेटरवर सुखानं संसार करते. रायलीला दोन लागतात, आणि तिचा सगळा नखरा त्या दोघांत. पेट्रोलमध्ये हवा कालवून इंजिनला पाजायची, एवढंच त्यांचं काम. पण दोघांनी एकाच वेळी, एकाच मापानं पाजायला हवं. एक जरा उदार झाला आणि दुसऱ्यानं हात आखडला की गाडी आचके देत उभी राहते.

प्रत्येक कार्बोरेटरच्या डोक्यावर अ‍ॅल्युमिनियमची एक टोपी असते, पालथ्या घातलेल्या फुलपात्राएवढी. तिच्या पोटात एक पिस्टन खालीवर होतो. पिस्टन टोपीला घासता कामा नये आणि दोघांमध्ये फटही पडता कामा नये. मध्ये हवेचा पापुद्रा राहील एवढीच जागा. कारखान्यात ही जोडी एकमेकांसाठीच घडवतात, या टोपीला तो पिस्टन चालत नाही. शेखरराव कॉलेजात केमिस्ट्री शिकवून निवृत्त झालेले. ते म्हणायचे, एवढ्या लोकांचे संसार पाहिले, पण अशी जमलेली जोडी पाहिली नाही. हे ते मुद्दाम बायकोच्या देखत म्हणायचे. अनुपमाबाई म्हणायच्या, "जमणारच. दोघांतलं कोणी बोलत नाही ना."

दर पावसाळ्यानंतर रायली दमेकऱ्यासारखी खोकायची. मग नवरात्रात शेखरराव दोन्ही कार्बोरेटर उतरवून पोर्चमधल्या सागवानी टेबलावर मांडत, धूत, जोडत, आणि दसऱ्याच्या दिवशी गाडी घेऊन अकोल्याला जात. लोक आपट्याची पानं घेऊन शेजारी जातात, हे बडनेरा, मुर्तिजापूर करत ओमप्रकाशकडे जात. ओमप्रकाश त्यांचा कॉलेजातला दोस्त. अकोल्यात त्याचं जुन्या गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान होतं, आणि दुकानापेक्षा मोठी त्याची जीभ होती. तो दारात उभा राहून आधी गाडीला सोनं द्यायचा, मग शेखररावांना.

या वर्षी काम नेहमीसारखं नव्हतं. हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं. त्यानं आतले जुने बूच फुगले होते, रबरं पिठासारखी झाली होती. दोन्ही कार्बोरेटर मुळापासून नव्यानं बांधावे लागणार होते. आणि हाताचं डॉक्टरांनी सांगितलेलं होतंच. घटस्थापनेच्या सकाळी गाडीचं बॉनेट उघडताना शेखरराव सहज बोलल्यासारखं बोलून गेले, "या खेपेला बहुधा शेवटचं. पुढच्या दसऱ्याला हात ऐकतील असं वाटत नाही. एकदा आपल्या हातानं करून, आपल्या हातानं चालवत अकोल्याला नेली की झालं." अनुपमाबाई तुळशीला पाणी घालत होत्या. पाणी तुळशीवरून वाहून अंगणात गेलं.

अनुपमाबाईंचं आणि रायलीचं नातं सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. लग्नाच्या पहिल्याच वर्षी पावसात कुठून तरी येताना त्यांनी ओली छत्री मागच्या सीटवर ठेवली. चामड्याची सीट, तिला डाग पडला. बापूसाहेब कधी आवाज चढवत नसत. ते पक्षकारांनी भरलेल्या बैठकीत एवढंच म्हणाले, "सूनबाई, ही गाडी आहे. छत्री ठेवायचा कोपरा नाही." पक्षकार हसले, वकिलाच्या विनोदाला पक्षकार हसणारच. शेखररावही तिथे उभे होते, ते हसले नाहीत, पण बोललेही नाहीत. त्या दिवसापासून अनुपमाबाईंनी गाडीला हात लावला नाही. बसायच्या, नेलं तर बसायच्या. पण दार शेखररावांनी उघडायचं, शेखररावांनी लावायचं, आणि सबंध रस्ता हात मांडीवर. बापूसाहेब गेले त्यालाही आता पुष्कळ वर्षं झाली होती. लग्नाला चाळीस होत आली होती. राग केव्हाच गेला होता, पण सवय राहिली होती.

तर शेखरराव नवरात्रभर राबले. सकाळी अनुपमाबाई अनवाणी अंबादेवीला जाऊन येत, तोवर यांचा एखादा जेट, पेट्रोलची बारीक नळी, सुटा झालेला असे. एरवी तासाभराचं काम अर्ध्या दिवसावर गेलं होतं. बारीक पेच टेबलाखाली पळायचे आणि मग म्हातारा माणूस गुडघ्यावर बसून त्यांना शोधायचा. पण हात मात्र ऐकत होता. पेचकस खाचेत बसला की थरथर मुरून जायची. नवे बूच बसले, नव्या सुया लागल्या, झिजून हवा खाणाऱ्या दांड्यांना नव्या पितळी बुश मिळाल्या. अष्टमीच्या संध्याकाळी त्यांनी टोप्या आणि पिस्टन पेट्रोलनं धुऊन जोडीजोडीनं ठेवले, आणि एक जोडी उचलून बायकोला गंमत दाखवली. टोपीत पिस्टन घालून पिस्टनची भोकं बोटांनी दाबली आणि टोपी सोडली. टोपी पडली नाही. ती तुपाच्या धारेसारखी सावकाश, आपल्या मर्जीनं खाली आली.

"उद्या जोडतो, परवा जातो," ते म्हणाले. कितीतरी दिवसांनी त्यांचा चेहरा असा उजळला होता. अनुपमाबाई त्या चेहऱ्याकडे पाहत राहिल्या. टोपीकडे त्यांचं लक्ष नव्हतं.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. घरातली शस्त्रं आणि अवजारं पुजायचा दिवस. वकिलाच्या घरात लेखणी आणि कायद्याची पुस्तकं पुजली जात, पुढे शेखररावांच्या काळात पेचकस आणि पाने आले. शेखरराव आंघोळ करून पोर्चमध्ये आले तेव्हा पूजा मांडून झाली होती. पाटावर लाल कापड, त्यावर पाने आणि पेचकस ओळीनं, झेंडूची फुलं, आणि मधोमध दोन टोप्या आणि दोन पिस्टन. चांदीच्या भांड्यांसारखे लखलखत होते. प्रत्येकावर हळदीकुंकवाचं बोट होतं.

"पहाटे उठून घासले," अनुपमाबाई म्हणाल्या. बोटांच्या पेरांना अजून पांढुरका रंग होता. "चिंच आणि रांगोळी. आधी चिंचेनं काळं काढलं, मग रांगोळीनं चमकवले. आतूनसुद्धा घासले हो, नाहीतर म्हणाल वरवरचं काम केलं. तुम्ही म्हणाले ना शेवटचं. मग म्हटलं आपणही एकदा लावावा हात."

भांडं आतून घासलं नाही तर ते घासलंच नाही, हे त्या बाईला तिच्या आईनं शिकवलेलं. स्वयंपाकघरात ते खरंच आहे.

शेखररावांनी एक टोपी उचलली. आत बोट फिरवलं. ज्या पोटातून पिस्टन हवेच्या पापुद्र्यावर सरकायचा, तिथे बोटाला रेघा लागल्या. पिस्टनच्या कडाही घासल्या होत्या, त्याही मन लावून. त्यांनी पिस्टन टोपीत घातला आणि टोपी सोडली. ती खटकन पडली. दुसरी जोडीही तशीच.

"काय झालं?" अनुपमाबाईंनी विचारलं.

त्यांच्या आवाजात किंचित भीती होती. शेखररावांना ती भीती ओळखीची होती. बैठकीत पक्षकार हसले तेव्हा ती त्यांनी पाहिली होती. ओरडावंसं वाटलं, हे खोटं नाही. पण चाळीस वर्षांनी या बाईनं गाडीला हात लावला होता, पहाटे उठून, उपाशी पोटी, प्रेमानं.

"छान झाले," ते म्हणाले. "बापूसाहेबांच्या काळातही असे नव्हते."

अनुपमाबाई हसल्या. नव्या नवरीनं हसावं तशा हसल्या, आणि आरतीचं ताट आणायला आत गेल्या.

शेखररावांनी त्या दिवशी कार्बोरेटर जोडले. काय होणार ते ठाऊक होतं, तरी जोडले. कधी कधी माणूस स्वतःशीही खोटं बोलून पाहतो. गाडी सुरू झाली, दोन श्वास नीट घेतले, मग एक बाजू गुदमरली, दुसरी धावली, आणि सगळी गाडी आचके देऊन बंद पडली. पुन्हा सुरू केली, पुन्हा तेच. ते पेच फिरवत राहिले, रबराची नळी कानाला लावून दोघांचे श्वास ऐकत राहिले. दुपार झाली. अनुपमाबाई जेवायला बोलवायला आल्या आणि तिथेच उभ्या राहिल्या.

"काहून होऊन नाही राहिली?" त्यांनी विचारलं.

तेव्हा शेखररावांनी एक वाक्य उच्चारलं. फार विचार केला नाही. हाताशी दुसरं काही नव्हतं, म्हणून हातच पुढे केले.

"हात गेले गं माझे. पेच बसवता येऊन नाही राहिले."

त्यांच्या हाताकडे अनुपमाबाईंनी पाहिलं. ते बॉनेटच्या कडेवर रिकामे पडले होते, म्हणून थरथरत होते. त्यांनी ते दोन्ही हात आपल्या हातांत घेतले, पदरानं त्यांचं तेल पुसलं आणि म्हणाल्या, "राहू द्या. नाही जाऊ अकोल्याला. काही बिघडत नाही." आणि रडल्या. शेखररावही रडले, पण दोघांचं रडणं एकाच गोष्टीचं नव्हतं.

दसऱ्यानंतर चार दिवसांनी ते एसटीनं अकोल्याला गेले, टोप्या रुमालात बांधून. बायकोला सांगितलं, ओमप्रकाशला सोनं देऊन येतो. ओमप्रकाशनं चष्मा कपाळावरून खाली ओढला, एक टोपी उजेडाकडे धरली आणि तोंड वाकडं केलं.

"कोनं घासलं बे हे?"

"अनुपमानं. नवमीच्या पूजेले. रांगोळीनं."

ओमप्रकाश हसायला गेला आणि शेखररावांचा चेहरा पाहून थांबला. "मंग काय म्हने भाभी?"

"तिले माहीत नाही. आणि तूही सांगशील नको, तुला माझी शपथ आहे."

"नाई सांगत. पन गाडी काहून नाई चालली, ते काय सांगितलं तिले?"

"हात गेले म्हणून सांगितलं."

ओमप्रकाशनं टोपी काउंटरवर ठेवली. "अबे येड्या, हातावर काहून घेतलं? माह्यावर टाकायचं होतं. सांगायचं, ओम्यानं बूच नकली देल्ले. माहं काय जाते? भाभी शिव्या देईन, मी खाईन."

हे शेखररावांना सुचलंच नव्हतं. इतकं सोपं होतं. ते दुकानाच्या बाकावर बसून राहिले आणि समोरचा चहा गार झाला.

"दुसरी जोडी पाहतो," ओमप्रकाश म्हणाला. "भेटन, पन टाइम लागन. नवी तर आता बनत नाई. कोनाच्या गोठ्यात, बागेत तसली गाडी सडत पडली असन, तर भेटन. तवर ह्याच बसवून ठेव, अन् हात सांभाळ."

पण हात सांभाळण्याचं काम आता शेखररावांकडे राहिलं नव्हतं. घरी परतले त्या दिवशी चहा कपाऐवजी पेल्यात आला, तोही अर्धाच. दुसऱ्या दिवशी अनुपमाबाईंनी शर्टाची बटणं लावून दिली. मग दाढी करायला रोज घरी माणूस येऊ लागला. मग वरण ओतून, भात कालवूनच ताट समोर यायचं. खोटं कशाला बोला, पहिले काही दिवस शेखररावांना ते आवडलंही. इतकी वर्षं संसार झाला, पण असं कोणी जवळ येऊन बटणं लावलेली नव्हती. अनुपमाबाई वाकून बटण लावत तेव्हा त्यांच्या केसांना खोबरेल तेलाचा वास येई, आणि शेखरराव लहान मुलासारखे मान वर करून उभे राहत.

मग एक दिवस त्यांनी पाहिलं, पोर्चमधलं टेबल रिकामं आहे. पाने, पेचकस, रबराची नळी, सगळं एका पेटीत भरून माळ्यावर गेलं होतं.

"तुमच्या नजरेसमोर नको म्हटलं," अनुपमाबाई म्हणाल्या. "उगाच जीव तुटतो."

"अगं, थोडं थोडं काही करायला हवं हातांनी."

"मग गाडी का नाही झाली?"

याला उत्तर होतं. शेखररावांनी ते तोंडापर्यंत आणलं आणि गिळलं. पुढे हेच झालं. ते म्हणाले, मी चहा ओततो, तर त्या म्हणाल्या, गाडी आठवा. ते म्हणाले, सही मीच करतो, तर पुण्याहून मुलगी जुईली फोनवर म्हणाली, "बाबा, आई सांगते ते ऐका ना, हट्ट कशाला करता?" एका खोट्याचं कुंपण घालून त्यांनी बायकोला वाचवलं होतं, आता कुंपणाच्या आत तेच कोंडले गेले होते. खरं सांगून टाकावं असं त्यांना रोज वाटे. पण जितका वेळ गेला तितकं सांगणं अवघड होत गेलं. नवमीलाच सांगितलं असतं तर एक चूक सांगितली असती. आता सांगायचं म्हणजे तिच्या हातानं लावलेलं एकेक बटण, एकेक घास परत तिच्या अंगावर टाकायचा.

संध्याकाळी अनुपमाबाई तेल कोमट करून त्यांची बोटं चोळत. दर मंगळवारी पहाटे अंबादेवीला अनवाणी जाऊ लागल्या. नवरात्र संपलं होतं तरी. काय मागितलं, असं विचारलं तर सांगत नसत. पण घरात न सांगून लपणारी ती गोष्ट नव्हती. शेखरराव खिडकीतून त्यांना परतताना पाहत. थंडीत पाय उललेले, हातात प्रसादाची पुडी. ज्या हातांसाठी ती बाई चालत होती, त्या हातांना तेव्हा काही झालेलं नव्हतं. निदान शेखररावांना तसं वाटत होतं.

संक्रांतीला खरं कळलं. शेजारचं पोर तिळगूळ देऊन गेलं. शेखररावांनी कागदाची गुंडाळी सोडवायला घेतली. हात रिकामा होता तोवर थरथरत होता, तसा तो थरथरायचाच. पण कागदाचं टोक चिमटीत धरलं, आणि थरथर थांबली नाही. त्यांनी पुन्हा धरलं. कागद वाजत राहिला. त्यांनी बराच वेळ प्रयत्न केला, मग पुडी तशीच खिशात टाकली. इतके महिने हाताला काम नव्हतं. त्यानं वाट पाहून शेवटी नाद सोडला होता. डॉक्टरांकडे गेले तेव्हा ते म्हणाले, दुखणं वाढायचं ते वाढतंच, पण काम का सोडलंत? शेखरराव म्हणाले, वय झालं.

गुढीपाडवा उलटला आणि एका सकाळी ओमप्रकाश भाड्याची गाडी करून दारात हजर झाला. हातात पिशवी, चेहऱ्यावर लॉटरी लागल्याची कळा.

"मोर्शीले भेटली," तो पोर्चमध्ये पाय ठेवता ठेवताच म्हणाला. "एका संत्र्यावाल्याच्या बागेत. तसलीच गाडी, कोंबड्या अंडे देऊन राहिल्या होत्या तिच्यात. पन टोप्या पाह्य, बंद होत्या तर सलामत राहिल्या. घे, सोडून पाह्य."

शेखररावांनी टोपी घेतली. पिस्टन आत घालायचा होता, एवढंच. तो टोपीच्या कडेवर टकटक वाजत राहिला, आत जाईना. ओमप्रकाश आधी पाहत होता, मग त्यानं नजर अंगणाकडे वळवली. त्यानं ते खोटं ऐकलं होतं, म्हणून त्याला हे खरं लगेच ओळखता आलं.

"भाऊजी, त्यांना नका देऊ," चहा घेऊन आलेल्या अनुपमाबाई म्हणाल्या. "हात दसऱ्यालाच गेले त्यांचे."

ओमप्रकाश काही तरी बोलणार होता. शेखररावांनी त्याच्याकडे पाहिलं, आणि त्यानं शब्द राखला.

"मंग तुमी करा, भाभी," तो म्हणाला. "हा सांगन, तुमी करा. मी पेट्रोल देतो हातात. दोन टोप्या बदलायच्या, त्यात काय मोठं."

"मी? गाडीचं?"

"कर," शेखरराव म्हणाले. "मला बरं वाटेल."

माळ्यावरून पेटी खाली आली. अनुपमाबाईंनी पदर खोचला आणि बॉनेटपाशी उभ्या राहिल्या, परीक्षेला बसल्यासारख्या. शेखरराव सांगत गेले, त्या करत गेल्या. हात बायकांचे असतात तसे स्वच्छ कामाचे होते. पेच उगाच आवळला नाही, एकही खाली पडला नाही. जुन्या टोप्या निघाल्या. अनुपमाबाईंनी नवी उचलली आणि उलटी करून आत पाहिलं.

"काळी पडली आहे आतून," त्या म्हणाल्या. "आधी जरा रांगोळीनं घासून घेऊ?"

ओमप्रकाशनं ती त्यांच्या हातातून जवळजवळ ओढूनच घेतली. "नाई भाभी. हे आतून घासायचं नसते. घासलं का संपलं, मंग कोनी आलं तरी गाडी चालत नाई. फक्त पेट्रोलनं धुवायचं." मग आपण काय बोललो ते त्याच्या ध्यानात आलं, आणि तो टोपी पेट्रोलच्या डब्यात बुडवून तिथेच वाकून उभा राहिला.

अनुपमाबाईंनी शेखररावांकडे पाहिलं. शेखरराव फरशीकडे पाहत होते. त्यांच्या पायाशी जुन्या टोप्या पडल्या होत्या, अजूनही थोड्या चमकत होत्या. अनुपमाबाईंनी पेचकस पुन्हा उचलला. "पुढे सांगा," एवढंच म्हणाल्या, आणि पुढचं सगळं काम त्यांनी हातावेगळं केलं.

नळी शेखररावांच्या कानाला ओमप्रकाशनं धरली. "उजवा थोडा सोड," शेखरराव म्हणत, आणि अनुपमाबाई पेच सोडत. "अजून. आता डावा. बस." दोन कार्बोरेटरांचे दोन श्वास जवळ जवळ येत गेले आणि एक झाले. रायली अशी चालू लागली की मडगार्डवर ठेवलेला चहाचा पेलाही हलेना. एवढी गोड ती किती तरी वर्षांत चालली नव्हती. ओमप्रकाशच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते लपवायला तो फोन आल्याचं सांगून फाटकाकडे गेला.

अनुपमाबाईंनी दार स्वतः उघडलं, आत वाकल्या आणि किल्ली फिरवून गाडी बंद केली.

"नवमीला तुमचे हात चांगले होते," त्या म्हणाल्या.

"होते."

"आणि आता?"

"आता नाहीत. संक्रांतीपासून."

त्या पोर्चच्या पायरीवर बसल्या. मग म्हणाल्या, "तुम्ही मला रागवायचं होतं ना हो. चारचौघांत बोलायचं होतं. मी रडले असते, दोन दिवस जेवले नसते. झालं असतं."

"तू पुन्हा कधी गाडीला हात लावला नसतास."

"नसता लावला. नव्हतेच लावत मी, काय अडलं होतं माझं?" त्यांचा आवाज चढला नव्हता, पण शेखररावांना तो सहन होईना. "मी तुमचे हात काढून घेतले. रोज थोडे थोडे. देवीला तेच मागत होते आणि घरी येऊन तेच काढून घेत होते. आणि तुम्ही घेऊ दिले."

शेखररावांना म्हणायचं होतं की तुझं मन मोडू नये म्हणून. पण ते इतकं लहान वाटलं की त्यांनी म्हटलं नाही. त्यांनी आपला उजवा हात तिच्याकडे पुढे केला. तो खूप हलत होता. अनुपमाबाईंनी तो पाहिला, पण धरला नाही. धरायची आता त्यांना भीती वाटत होती.